‘सिस्टर, कुठला कोर्स करू?’ : स्पेशालिटी नर्सिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आणि शेवटी इन्चार्जच्या टेबलावर मिळून माझी नोकरी संपली. आता मुली-मुलगे फोन करतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदाच लिहून काढावीत म्हणून हे पान. यातली मतं माझी आहेत. तुमच्या मॅडम वेगळं सांगतील, तर त्यांचंही ऐका.

जीएनएम (नर्सिंगचा मूळ डिप्लोमा) झालं, रजिस्ट्रेशन झालं. लगेच आयसीयूचा कोर्स करू का?

नको. आधी किमान वर्षभर जनरल मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्डात काढा. हा माझा हट्ट नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या पोस्ट बेसिक डिप्लोमांनाही नोंदणीनंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. शिवाय तीस-चाळीस खाटांच्या वॉर्डात जे शिकायला मिळतं ते आयसीयूत मिळत नाही. तिथे मॉनिटर नसतो. ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंट ताब्यात घेताना, नऊ नंबरचे काका काल बोलत होते आणि आज नुसतं बघताहेत, एवढ्यावरून काहीतरी बिघडतंय हे ओळखावं लागतं. ही नजर आली की मग व्हेंटिलेटर शिका. ती नसताना व्हेंटिलेटर शिकलेली नर्स आकडे वाचते आणि पेशंट राहून जातो.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि पोस्ट बेसिक डिप्लोमा एकच का?

नाही, आणि या गोंधळापायी कित्येकांनी चुकीच्या कोर्सची फी भरली आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणजे जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पदवी. त्यातून कुठलीही स्पेशालिटी मिळत नाही. पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा आणि एकाच विषयाचा असतो : क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी, नवजात शिशू, ऑपरेशन रूम, मनोरुग्ण परिचर्या, न्यूरो, कार्डिओथोरॅसिक, इमर्जन्सी, ऑर्थो, बर्न्स, वृद्धसेवा वगैरे. त्यात बहुतेक शिक्षण पेशंटच्या उशाशीच होतं. एम.एस्सी. दोन वर्षांची असून ती प्रामुख्याने शिकवण्याकडे आणि प्रशासनाकडे नेते. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी कोर्सही आहे, पण त्याला बी.एस्सी. लागते.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी बघा : त्या संस्थेला त्या कोर्ससाठी त्या वर्षीची मान्यता आहे का, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत ही जादा पात्रता म्हणून नोंदवता येईल का. ‘हॉस्पिटलचं स्वतःचं सर्टिफिकेट’ शिकण्यापुरतं ठीक असतं. सरकारी भरतीत त्याचा उपयोग होत नाही.

सध्या सगळ्यात जास्त मागणी कुठे आहे?

अतिदक्षता. कोविडनंतर सगळ्यांना कळलं की व्हेंटिलेटर विकत घेता येतो, तो सांभाळणारी नर्स मात्र अशी आयत्या वेळी मिळत नाही. निकषाप्रमाणे व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीला एक नर्स हवी. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा धरल्या तर एका खाटेमागे पाचच्या आसपास माणसं लागतात. दहा खाटांच्या आयसीयूचं गणित तुम्हीच करा. तालुक्याच्या गावांतही आता आयसीयूच्या पाट्या लागल्या आहेत, त्यामुळे अनुभवी आयसीयू नर्सला सांगली असो की जालना, नोकरी शोधत फिरावं लागत नाही.

काम कसं असतं ते मात्र नीट समजून घ्या. दर तासाला चार्टिंग, एबीजीचे (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) रिपोर्ट, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) काळजी, रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा पंप संपायच्या आत दुसरी सिरिंज तयार ठेवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता. यातलं शेवटचं काम सगळ्यांना कमी दर्जाचं वाटतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा न्यूमोनिया टाळण्यात त्याचा वाटा असतो, हे विसरतात.

एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) म्हणजे लहान मुलांचं आयसीयूच ना?

असं म्हणणाऱ्या मुलीला मी एका दिवसासाठी तिथे नुसतं उभं राहायला पाठवायचे. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते ९० मिलिलीटर रक्त असतं, म्हणजे अर्धा कप चहाएवढं. तपासणीसाठी दोन मिलि काढलं तरी त्याची नोंद ठेवावी लागते. मोठ्या माणसाला दशांश चिन्हाची चूक कदाचित झेपेल, इथे नाही. प्राणवायू कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्यांना. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा प्राणवायूच्या अतिरेकाने खराब होऊ शकतो, म्हणून सॅच्युरेशन शंभर दिसलं की मोठ्यांच्या वॉर्डात हायसं वाटतं आणि इथे नर्सचा हात प्राणवायू कमी करायला जातो. बाळ श्वास घ्यायचं विसरतं, मग तळपायाला बोटाने हलकेच डिवचायचं, की पुन्हा सुरू.

आणि आई! बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी काचेबाहेर उभी असते, दूध येत नाही म्हणून रडत असते. तिला बसवून दोन मिलि का होईना दूध काढायला शिकवणं आणि बाळ स्थिर झालं की ते तिच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवणं, म्हणजे कांगारू मदर केअर, हे अर्ध्याहून जास्त नर्सच्याच हातात असतं. हे काम मन लावून करणाऱ्या मुली मी क्वचितच दुसरीकडे जाताना पाहिल्या. राज्यात जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांचे विशेष कक्ष आहेत, त्यामुळे हा अनुभव सरकारी आणि खासगी दोन्हीकडे चालतो.

डायलिसिसमध्ये खूप जागा निघतात म्हणे?

केंद्रं वाढली हे खरं. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत मशिनं पोचली. पण स्पष्टच सांगते, तिथल्या बऱ्याचशा जागा डायलिसिस टेक्निशियनच्या असतात. नर्स म्हणून जात असाल तर मशिन लावण्यापुरतं काम मिळणार की पेशंटची जबाबदारी मिळणार, हे आधी विचारून घ्या.

काम चांगलं आहे. तोच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, वर्षानुवर्षं येतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं तुम्हाला घरच्यांइतकंच आधी कळतं. हातावरच्या फिस्टुलाला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिनीला) बोटं लावली की थरथर जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर लगेच डॉक्टरांना फोन. त्या हाताचं बीपी कुणी घेत असेल तर तिथल्या तिथे थांबवायचं. मग तो निवासी डॉक्टर का असेना.

कॅन्सर नर्सिंगची भीती वाटते. रोज मृत्यू बघावे लागतील ना?

रोज नाही. डे-केअरमध्ये केमो घेऊन संध्याकाळी एसटीने घरी जाणारे पेशंटच जास्त असतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ऑन्कोलॉजी नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. महाराष्ट्रातल्या मुलींनी या विषयासाठी आधी तिथलाच विचार करावा असं मला वाटतं, कारण तिथे एका वर्षात जेवढे प्रकार बघायला मिळतात तेवढे इतरत्र दहा वर्षांत मिळत नाहीत.

यात कौशल्य कुठे लागतं? काही केमोची औषधं शिरेबाहेर गळली तर कातडी आणि आतलं मांस जाळतात. डॉक्सोरुबिसिन त्यातलंच, पेशंट त्याला ‘लाल सलाईन’ म्हणतात. शीर नीट निवडणं, रक्त उलटं येतंय का ते बघणं आणि पेशंटने ‘जरा चुरचुरतंय’ म्हटलं की लगेच थांबवणं हे सगळं तुमच्यावर. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी ताप आला तर ‘क्रोसिन घ्या, उद्या या’ असं फोनवर कधीही सांगायचं नाही; पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. गरोदर असाल तर केमो हाताळण्यापासून लांब ठेवा असं इन्चार्जला बेधडक सांगा. तो तुमचा हक्क आहे.

याच्याच जवळची दोन क्षेत्रं म्हणजे स्टोमा आणि पॅलिएटिव्ह (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा). पोटावर पिशवी लागलेल्या माणसाला पुन्हा लोकांत जाऊन बसायची हिंमत देणारी स्टोमा नर्स अजून फार थोड्या ठिकाणी आहे. पॅलिएटिव्हसाठी वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून, आणि पुण्याला वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून आहे. तिथे स्वयंसेवक म्हणून चार रविवार जाऊन या, मग ठरवा.

नुसती अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा ही काय स्पेशालिटी झाली?

केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. त्यांना बेडसोअर झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. चाळीसहून जास्त वर्षं! ज्यांनी कधी बेडसोअरचं ड्रेसिंग केलंय त्यांना याचा अर्थ कळेल. घरी राहणाऱ्या वृद्धांची संख्या बघता वृद्धसेवेला येती वीस वर्षं काम कमी पडणार नाही. फक्त घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत जाणार असाल तर कामाचे तास लेखी घ्या, नाहीतर भांडीही घासायला लावतात.

मला लोकांशी फार बोलायला आवडत नाही. ओटी चालेल का?

चालेल. पेशंट झोपलेला असतो. सर्जन मात्र जागा असतो. स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हाताशी, उभं राहायचं तर पुढचं इन्स्ट्रुमेंट त्याने मागायच्या आत हातात हवं. सर्क्युलेटिंगला, म्हणजे टेबलाबाहेरच्या कामाला, असाल तर मॉप (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) मोजताना मन घट्ट हवं : मोजणी जुळली नाही तर ‘सर, पोट बंद करू नका’ असं ठणकावून म्हणता आलं पाहिजे. मी एकदा म्हटलं होतं, मोठ्या डॉक्टरांना. ओरडले. मॉप सापडला. नंतर चहा पाजला. अबोल माणसाला ओटी जमते, भित्र्या माणसाला जमत नाही.

मनोरुग्णालयात काम करणं सुरक्षित आहे का?

जनरल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शनिवारी रात्री जेवढं असतं त्याहून कमी धोक्याचं, असा माझा अनुभव. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि आरोग्य विभागात मनोरुग्ण परिचारिका हे वेगळं पद आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नंतर बांधून ठेवण्यावर, कोंडण्यावर कडक नियम आले, त्यामुळे बोलून शांत करणाऱ्या नर्सचं महत्त्व वाढलं. शिकायला बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था उत्तम. व्यसनमुक्ती केंद्रं, शाळा-कॉलेजं, १४४१६ या टेलिमानससारख्या हेल्पलाइन अशी कामाची ठिकाणंही वाढताहेत. तरीही लग्नाच्या बायोडाटात मुली ‘मनोरुग्णालय’ लिहायला लाजतात. काय म्हणावं!

मिडवाइफ म्हणजे पूर्वीची सुईणच ना?

सुईणीला कमी लेखू नका, पण नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यानुसार नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अठरा महिन्यांचा कोर्स आहे. नैसर्गिक, गुंतागुंत नसलेली बाळंतपणं तिने स्वतः सांभाळायची आणि अडलं तर वेळेत डॉक्टरकडे सोपवायचं, अशी कल्पना. तेलंगणाने यात पुढाकार घेतला. आपल्याकडे गती कमी आहे, म्हणून कोर्स झाल्यावर पद कुठलं मिळणार ते विचारल्याशिवाय उडी मारू नका.

मुलं लहान आहेत, नाइट जमणार नाही. दिवसाचं काम कुठे मिळेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारताना सगळ्या अपराध्यासारख्या विचारतात. कशाला? चार रस्ते सांगते.

इन्फेक्शन कंट्रोल नर्स : एनएबीएच हे रुग्णालयाच्या दर्जाचं मानांकन हवं असलेल्या रुग्णालयाला ती लागतेच. कुठल्या वॉर्डात किती कॅथेटरमुळे संसर्ग झाला, कुणाला सुई टोचली, कोण हात धूत नाही, याचा हिशेब ठेवायचा. लोकप्रिय होण्याची हौस असेल तर हे काम घेऊ नका.

प्रत्यारोपण समन्वयक : अवयव प्रत्यारोपण किंवा अवयव काढण्यासाठी नोंदणी झालेल्या रुग्णालयाला समन्वयक नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत. कागदोपत्री दिवसाचं काम. प्रत्यक्षात ब्रेन-डेडच्या नातेवाइकांशी बोलायची वेळ पहाटे तीनलाही येते. तेव्हा दिवसाचं म्हणून सांगितलं तरी हे निम्मंच खरं.

कारखाना : पाचशेहून जास्त कामगार असतील तर अँब्युलन्स रूम आणि तिथे परिचर्या कर्मचारी हवेत, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरी इथे या जागा असतात आणि जाहिरातीशिवाय भरल्या जातात. ओळखीतून विचारत राहा. मोठ्या कारखान्यात शिफ्ट असते, तेही विचारा.

समुदाय आरोग्य अधिकारी : उपकेंद्राच्या पातळीवर, बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना संधी असते. महाराष्ट्रात या पदांवर आयुर्वेद पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे स्पर्धा आहे.

स्पेशालिटी केली की पगार वाढतो का?

परदेशात वाढतो. इथे आपोआप वाढत नाही. सरकारी नोकरीत पगार पदाचा असतो : केंद्रात नर्सिंग ऑफिसर म्हणजे लेव्हल ७, मूळ वेतन ४४,९०० पासून, मग तुम्ही आयसीयूत असा की ओपीडीत. खासगीत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही किमान २०,००० द्यावेत आणि २०० खाटांच्या वर असेल तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा. किती ठिकाणी दिला जातो ते तुमच्या सॅलरी स्लिपवर बघा.

पण माझी खरी तक्रार पगाराची नाहीच, रोटेशनची, म्हणजे या विभागातून त्या विभागात फिरवण्याची आहे. मुलगी एक वर्ष घरदार सोडून निओनेटलचा डिप्लोमा करते, परत येते आणि सहा महिन्यांनी ड्युटी लिस्टमध्ये तिचं नाव ऑर्थो वॉर्डात. का, तर तिथे माणूस कमी आहे. मी स्वतः एका रुग्णालयात, ओटीत सात वर्षं घालवल्यावर, एका सकाळी नेत्र विभागात पाठवली गेले. माझ्या जागी आलेल्या मुलीने लॅप्रोस्कोपीचा सेट कधी उघडून पाहिला नव्हता. त्या दिवशी ऑपरेशनची लिस्ट दोन तास उशिरा सुरू झाली. जनरल सर्जन वैद्यकीय अधीक्षकांना म्हणाले, ‘मला उद्या डोळ्याची ऑपरेशनं करायला पाठवा, म्हणजे फिटंफाट.’

म्हणून मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचारा : मला त्याच विभागात किती वर्षं ठेवणार? लेखी देणार का? त्या विभागात नवीन माणसाला किती आठवडे सोबत शिकवतात? उत्तराला टाळाटाळ झाली तर दोन हजार कमी देणारी दुसरी जागा घ्या. स्पेशालिटी सर्टिफिकेटवर नसते, सलग वर्षांवर असते.

मी ब्रदर आहे. आम्हाला कुठे संधी?

इमर्जन्सी, आयसीयू, कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचा विभाग), ओटी, मनोरुग्ण, कारखाने आणि १०८ अँब्युलन्सशी जोडलेली कामं. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी असतात, त्यामुळे तुम्हाला गुण जास्त लागतात हे धरूनच अभ्यास करा. जीएनएमवाल्यांना त्या परीक्षेसाठी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. नातेवाईक ‘डॉक्टर’ म्हणतील. एकदा दुरुस्त करा, मग सोडून द्या.

परदेशात कुठल्या स्पेशालिटीला किंमत आहे?

आयसीयू, ओटी, इमर्जन्सी, डायलिसिस, एनआयसीयू. पण त्यांना सलग आणि ताजा अनुभव हवा असतो, म्हणजे पुन्हा तेच रोटेशन आडवं येतं. आखाती देशांत डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी आणि संगणकावरची परीक्षा. इंग्लंडला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, बोलण्यात ७ आणि लेखनात ६.५, किंवा त्याऐवजी ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. मग सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि तिथे गेल्यावर ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा). अमेरिकेला एनक्लेक्स ही तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा, ती ८५ ते १५० प्रश्नांत आटोपते, व्हिसाची रांग मात्र कित्येक वर्षांची. जर्मनीला जर्मन भाषा, साधारण बी-टू पातळीपर्यंत. भाषेला वर्ष-दीड वर्ष धरा. ‘तीन महिन्यांत करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.

एजंटचं परवाना प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. भारत सरकारच्या नियमाने नोंदणीकृत एजंट सेवा शुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. पाच लाख मागणारा माणूस नियमाबाहेर आहे, मग तो मामेभावाचा मित्र का असेना.

ऑनलाइन ‘अ‍ॅडव्हान्स्ड आयसीयू डिप्लोमा’ तीन महिन्यांत मिळतो. करू का?

पैसे जास्त झाले असतील तर. त्याच पैशात बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याची प्राथमिक आणि पुढची ट्रेनिंगं) करा, ते सगळीकडे विचारतात.

वय ३८. जीएनएम, बारा वर्षं मेडिसिन वॉर्ड. आता उशीर झाला का?

सरकारी भरतीच्या वयोमर्यादा तपासा, त्यात सूट कुणाला ते बघा. बाकी उशीर कसला? बारा वर्षं मेडिसिन वॉर्ड काढलेल्या बाईला क्रिटिकल केअरचा डिप्लोमा जड जात नाही. इंग्रजीतले पेपर जड जातात, तेवढी तयारी करा. वर्षभर पगार बंद राहील का, की रुग्णालय प्रतिनियुक्तीवर पाठवेल, हे आधी विचारा. आणि बॉण्ड वाचून सही करा.

कागदपत्रं कुठली सांभाळून ठेवू?

दहावी-बारावीपासूनच्या गुणपत्रिका, नर्सिंगच्या दरवर्षीच्या गुणपत्रिका, परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि वेळेत केलेलं नूतनीकरण, प्रत्येक नोकरीचं नेमणूक पत्र आणि अनुभवाचा दाखला. दाखल्यावर विभागाचं नाव आणि तारखा हव्यात. ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ एवढ्याने भागत नाही. कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्ट (शिकलेले विषय, तास आणि गुण यांचा अधिकृत दाखला) आत्ताच काढा, कॉलेजं बंद पडतात. मूळ कागद कुठल्याही रुग्णालयाकडे किंवा एजंटकडे ठेवू नका. आणि लॅमिनेशन करू नका, परदेशासाठी साक्षांकन करताना मागच्या बाजूला शिक्का मारायला जागा लागते.